सहा डॉलरचं पान

मी बोरिवलीच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. अमेरिकेच्या जुन्या कागदी नोटांचा नाद मला लागला तो पानांमुळे. अमेरिका इंग्रजांशी लढत होती त्या काळातल्या काही नोटांच्या पाठीवर खऱ्याखुऱ्या पानांचे ठसे आहेत. मुद्रक झाडाचं पान घेऊन त्याचा साचा करायचे. पानावरच्या बारीक शिरा हुबेहूब कोरणं कुठल्याच नकली नोटवाल्याला जमायचं नाही. हे वाचलं आणि मी वेडीच झाले. पण माझ्याकडे होती एकच नोट, भाच्यानं तिकडच्या संग्रहालयातून आणलेली. दोन वर्षं मी ती खरी म्हणून सगळ्यांना दाखवली. ती तिथल्या दुकानात विकायला ठेवलेली नक्कल निघाली!

मग मार्चमध्ये एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी एकाच कॉलेजात होतो. ती मालाडच्या जुन्या गावठाणात तिच्या आईबरोबर राहते.

"अगं, पप्पांच्या बायबलात एक कागद सापडलाय. मागे पानं छापलीयत. तुझं ते खूळ आहे ना, तसलंच काहीतरी."

"हात लावू नकोस! पंखा बंद कर!" मी ओरडले आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून रिक्षात बसले. रिक्षावाल्याला मालाडऐवजी मुलुंड सांगितलं. "मॅडम, नक्की कुठे?" त्यानं विचारलं तेव्हा भानावर आले.

टेबलावर नोट होती, तळहातात मावेल एवढी. सहा स्पॅनिश डॉलरची (तेव्हा अमेरिकेत तेच चालायचे), तपकिरी, मधोमध फाटलेली आणि काळ्या दोऱ्यानं शिवलेली. पुढच्या बाजूला बीव्हर नावाचा तिकडचा एक प्राणी झाड कुरतडत होता.

"घूस आहे ती," कोपऱ्यातल्या खुर्चीतून मैत्रिणीच्या आई म्हणाल्या. त्यांचं वय नव्वदीला टेकलंय.

मी नोट खिडकीपाशी नेली. कागदात अभ्रकाचे कण चमकले आणि निळे तंतू दिसले, त्या काळच्या नोटांच्या कागदात असायचे तसेच. खाली खऱ्या शाईच्या सह्या होत्या. उलटवून बघितलं तर पानाची शीर न् शीर!

"खरी आहे गं!" मी मैत्रिणीला मिठीच मारली. त्या एवढ्याशा खोलीत आम्ही दोघी साठीच्या बायका गोल गोल नाचलो. स्टूल आडवं झालं.

"आणि हा दोरा बघ," मी धापा टाकत म्हणाले, "त्या काळी लोक फाटलेल्या नोटा अशाच शिवायचे. अडीचशे वर्षांचा दोरा!"

"कसला अडीचशे? माझा दोरा आहे तो," आई म्हणाल्या.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो.

"हे बोटीवर असायचे. कुणा म्हाताऱ्या खलाशानं दिलेली ती. मी बायबल झटकलं आणि टरकन फाटली. दुसऱ्या दिवशी हे घरी येणार. माझी वाट लागली! झग्याला लावायचा दोरा होता, त्यानंच शिवली. यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मैत्रीण हसून हसून जमिनीवर बसली.

शनिवारी खात्री करून घ्यायला आम्ही नोट घेऊन घाटकोपरच्या एका जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं भिंग लावून नोट दोन्ही बाजूंनी तपासली.

"अस्सल आहे, चांगली किंमत येईल," तो शेवटी म्हणाला. "आणि ही शिवण बघा. त्या काळातलीच. काय हात असेल त्या बाईचा!"

मी मैत्रिणीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच होतं. पण तीच फुटली. "अहो, ती बाई आज सकाळी डाळभात खाऊन झोपलीय!"

व्यापाऱ्यानं भिंग खाली ठेवलं, सगळी गोष्ट ऐकली आणि इतका हसला की शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. किंमत मात्र त्यानं ताबडतोब कमी केली.

विकायची तर नव्हतीच. आता ती दोन काचांमध्ये घालून मैत्रिणीच्या खिडकीत लावलीय, दोन्ही बाजू दिसतील अशी. ती पानं बटरकपच्या, म्हणजे तिकडच्या पिवळ्या रानफुलाच्या, जातीतली असावीत असं मला वाटतं. त्या शनिवारी मैत्रिणीच्या घरी परत येऊन आईंना व्यापाऱ्याचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्या लाजल्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "परत सांग, काय म्हणाला तो माझ्या हाताबद्दल?"