आधी माणसं जेवतात

वजन एवढं कशानं वाढलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी थायरॉईडकडे बोट दाखवलं. खरं उत्तर एका वाक्यात होतं: 'एवढंसं उरलंय, संपवून टाक.' लग्न होऊन कर्जतजवळच्या या गावात आले तेव्हापासून हे वाक्य माझ्या ताटात पडत आलं. आमच्याकडे आधी माणसं जेवतात. माणसं म्हणजे पुरुष. आम्ही नुसत्या बाया. माणसांनंतर पोरं, मग बाया, आणि सगळ्यांत शेवटी सून, पातेलं पुसून. तळाचा भात, अर्धी भाकरी, पोरानं उष्टी टाकलेली चपाती, सगळं माझ्या पोटात. आणि वर पाहुणेच विचारणार, एवढं काय खाती गं ही?

गेल्या वर्षी नगरला पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. आता माझं जेवण एका वाटीत मावतं. आधी उसळ, डाळ नाहीतर पनीर, मग जागा असेल तर चतकोर भाकरी. बारीक चावायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, गोडाला हात लावायचा नाही, आणि वेळ चुकवायची नाही. बाकीचं सगळं मला जमलं. वेळेचं घरच्यांना जमेना. दिवाळीत सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत थांबले, मग भुकेनं उभ्या उभ्या भराभर खाल्लं आणि गोठ्यामागं जाऊन सगळं ओकले. डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या दिवशी भिंतीला टेकून मी ठरवलं, हे पोट फुकट मिळालेलं नाही, ते मी कुणाच्या रीतीपायी घालवणार नाही.

दिराच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मांडवात पहिली पंगत बसली आणि मी माझा डबा घेऊन तिच्या टोकाला बसले. डब्यात मटकीची उसळ होती. वाढपी बादली घेऊन माझ्यापुढं थांबला आणि तसाच पुढं सरकला.

समोर चुलत सासरे बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, मानसं बसल्यात. बायांची पंगत मागून हाय."

"ठावं हाय, अण्णा. पन माझी भूक आत्ताची हाय."

"जरा दम धरवत न्हाई व्हय?"

"न्हाई धरवत."

नवरा ताटात डोकं घालून लापशी चिवडत राहिला. एरवी माझ्या तब्येतीची काळजी करताना त्याच्या तोंडाला खळ नसते. मी उठले नाही. एकेक घास सावकाश चावला. पंगत उठली तरी माझं चालूच होतं.

बायांची पंगत उठली तेव्हा ऊन कललं होतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पातेलं घेऊन माझ्याकडं आल्या. तळाला लापशी होती.

"एवढंसं उरलंय, संपवून टाक."

"न्हाई, आत्या."

"मग काय फेकू? अन्न हाय ते."

आणि त्यांनी स्वतःच त्यात हात घातला. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली होती. मी पातेलं ओढून घेतलं, गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं रिकामं केलं.

"लोक बगत्यात," आत्या मागून म्हणाल्या.

"बगू द्या."

परत येताना जाणवलं, या बाईच्या हातातून आजवर कुणी पातेलं काढून घेतलेलं नाही. चाळीस माणसांच्या घरात एकानंही नाही. मला आणखीच राग आला.

दिवेलागणीला माझी जेवायची वेळ झाली तेव्हा मी एकाऐवजी दोन वाट्या घेतल्या, दोन्हींत उसळ वाढली आणि एक आत्यांपुढं ठेवली. ओट्यावर पुरुष गप्पा मारत बसले होते. त्यांच्याकडं बघत आत्या हळूच म्हणाल्या, "आदी मानसं जेवू दे."

"मग आपन कोन हाय, आत्या?"

मी माझा पहिला घास घेतला.