तन्मणी होता तसाच

झाशीच्या सराफ्यात 'अँटिक' म्हणून जे विकतात, त्याचा मला मनापासून राग आहे. परवा घडवलेलं सोनं मुद्दाम काळवंडवायचं, नक्षीच्या खाचांत काजळी बसवायची आणि मखमलीवर मांडायचं. बायका "कितना पुराना लगता है" म्हणत आरशासमोर वाकतात. खरा जुना दागिना पुढे ठेवला की तोच दुकानदार तो दोन बोटांत धरून म्हणतो, "भाभीजी, इसे गलवा लीजिए." हा वितळवायचा सल्ला इतक्या दुकानांत ऐकला की पुढे पुढे मीच पायरीवरून सांगायची, गलवाना नहीं है.

लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात एक तरी जुना मराठी दागिना असावा, एवढाच माझा हट्ट होता. आमच्या घरातले केव्हाच संपले. इथली मराठी घरं सणवार जपून आहेत, पण प्रत्येक लग्नात थोडं थोडं जुनं मोडून इकडच्या पद्धतीचे हार आणि कंगन करत गेली. लेकीला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी. पण एका जुन्या फोटोतला तन्मणी पाहून ती म्हणाली, "मम्मी, मुझे ऐसा ही चाहिए. नया वाला नहीं." मला एवढं पुरे होतं.

तो मिळाला झाशीजवळच्या गुरसरायला. एक म्हाताऱ्या काकू घर आवरून कायमच्या पुण्याला मुलाकडे निघाल्या होत्या. मोत्यांचे सर पिवळसर झालेले, मध्ये सोन्याचं खोड, म्हणजे पदक, आणि त्यात कोंदणातले चपटे हिरे. आजच्या हिऱ्यासारखे ते डोळ्यांत घुसत नव्हते. साजूक तुपाची असते तशी मंद चमक. काकूंनी भावासाठी घासाघीस केली नाही, मागितला तो फक्त शब्द.

"माझ्या सुनेला नकोय तो. तुम्ही मोडू नका. मुलीच्या गळ्यात घाला आणि मला फोनवर एकदा दाखवा."

मी शब्द दिला. मग त्यांनी सांगितलं, की प्रत्येक हिऱ्यामागे डाक असते, म्हणजे चांदीचा पातळ वर्ख. चमक त्याची. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो, तेव्हा मलमलीने पुसायचं आणि कोरडं ठेवायचं, बस. त्यानंतर त्या दर आठवड्याला फोन करत. लग्नाची चौकशी करत आणि हळूच विचारत, "ठीक आहे ना तो?"

घरी आल्यावर मी सगळ्यांना बसवून सांगितलं, याला पाणी लावायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मी शाळेत शिकवायला गेले असताना सासूबाईंनी तन्मणी काढला, रिठ्याच्या पाण्यात घातला, वर दूध, वर गंगाजल, आणि लक्ष्मी तलावावरच्या देवळात महालक्ष्मीच्या पायाशी लावून आणला. परक्याच्या अंगावरचं सोनं शुद्ध केल्याशिवाय घरच्या मुलीच्या अंगावर चढवायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम.

"अगं, गंगाजल ते," मी बडबडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या. "त्याने का कधी काही नासलंय?"

चार दिवसांनी तीन हिरे काळे पडले. तुपात माश्या पडाव्यात तसे दिसत होते. सासूबाईंना वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्यांनी निष्कर्ष काढला की दागिन्यातच काही दोष होता आणि तो बाहेर आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

खंडेराव गेटजवळ कोंदणकाम करणारा एक कारागीर आहे. मी स्वतः जाऊन त्याला बजावलं, या तीन हिऱ्यांची डाक बदला, बाकी कशालाही हात लावू नका. आणायला मात्र यजमान गेले, कारण लग्नघर, मला उसंत नव्हती. तीनच हिरे चमकताना त्यांना विचित्र वाटले. मग यांनी त्याला सांगितलं, "भैया, सब एक जैसा कर दो." सगळ्यांची डाक बदलली. सोन्याला पॉलिश झालं. मोतीसुद्धा पांढरेशुभ्र, नवे. जुने मोती त्याने कागदाच्या पुडीत परत दिले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी यांनी डबी उघडून दाखवली. चेहऱ्यावर कोण आनंद.

"बघ, अगदी नवा वाटतोय."

"अहो, नवा कुणी मागितला होता?"

"तुझं काही समजत नाही बुवा," ते म्हणाले आणि मांडववाल्याशी बोलायला गेले. मी पुडी घेऊन बसले होते. मोती परत ओवून देणारं त्या वेळी कुणी मिळेना. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं, त्यामुळे मनसोक्त चिडताही येत नव्हतं.

सकाळी लेकीने तन्मणी घातला. मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ घ्यायला लावला, मग आणखी जवळ.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "नवीन केलात?"

"नाही काकू, तोच आहे. आत पाणी शिरलं म्हणून डाक बदलली, मोती बदलले. खोड तेच, हिरे तेच."

"हो, हो."

"खरंच मोडला नाही हो."

"असू दे," त्या म्हणाल्या, मलाच समजावल्यासारख्या. "दागिना एकदा दिला की दिला. मोडायचा तर मोडायचा. त्यात खोटं कशाला बोलायचं? मुलगी सुखात राहो."

लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. फोन बंद झाला होता. मी तरी पुन्हा म्हणाले, तोच आहे हो काकू.

त्यांचा फोन येणं तेव्हापासून बंद झालं. मी केला तर सून उचलते आणि सांगते, आई झोपल्यात.