चुंबळीपायी सांडलेलं वाळकाचं बी

लेकींनो, सुनांनो, माझा फोन उचलायचं तर तुमी विसरताच, पण संक्रांतीला पदरात बांधून दिलेलं वाळकाचं बी तरी ध्यानात हाय का? बोलतेय मी, लिहितेय नात.

आपली विहीर आटली अन् माझे वेल वाळले. घरात मूठभर बी उरलं होतं. ते तीन दिसांमागं भिजवून, फडक्यात बांधून मोड यायला चुलीजवळ ठेवलं.

आज सकाळी टँकरचा भोंगा वाजला. धाकट्या सुनेनं हाताला लागलं ते फडकं सोडलं, झटकलं, हंड्याखाली चुंबळ केली अन् पळाली. बी सगळं अंगणात. मी पोचेपर्यंत कोंबड्यांची पंगत बसलेली.

"अगं, माझ्या आईकडचं बी होतं ते!"

"आत्याबाई, टँकर निघून गेला असता तर त्या बीला काय घातलं असतं?"

खरंच बोलली. मग दोघींनी माती चाळली. चार-पाच दाणे सापडले, त्यांचेबी मोड तुटलेले. डब्यात लावलेत. सारखी उठून बघतेय, जीव थाऱ्यावर न्हाई. हे उगवलं न्हाई तर ह्या घरची वाळकाची कोशिंबीर संपली म्हणायची.

नदीकडं दिलेल्या लेकींनो, तुमच्यात कुणाचा वेल जगलाय का? मला मिठाई नको. वेलावर पिकून पिवळं झालेलं वाळूक पाठवा. देठाकडून चाखून बघा. कडू निघालं तर तुमीच खा, गोड असलं तर बिया न काढता पाठवा.