डॉक्टरचं बिनसहीचं पत्र

शनिवारी सकाळी रेक्टरबाई खोल्या तपासायला येत. गादी उलटायची, ट्रंक उघडायची आणि आपण भिंतीशी उभं राहायचं, अशी पद्धत होती. त्या शनिवारी माझ्या गादीखालून एक घडी घातलेला कागद निघाला. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मला एवढंच म्हणाल्या, "ऑफिसात ये."

तो कागद मीच लिहिला होता. पण तो एखाद्या मुलीने लिहिलाय असं कोणाला वाटू नये म्हणून मी तीन आठवडे खपले होते, आणि तेच नेमकं मला साधलं होतं.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. मी नगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव काष्टीच्या पुढे, आडबाजूला. दादा, म्हणजे माझे वडील, हंगामात साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करायचे आणि बाकीचे दिवस शेतात असायचे. ते चौथी शिकलेले. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. चुलत्यांनी त्यांच्या मुलीला कॉलेजातून काढून आणलं होतं, तेही कोणी तरी तिला सायकलवाल्या मुलाशी बोलताना पाहिलं एवढ्यावरून. त्यामुळे वसतिगृहात पाय ठेवला त्या दिवसापासून मी जपून होते. कॉलेजात मुलांच्या बाकांकडे मान वळवत नसे.

अशी मी, आणि मला एका पुरुषाला बोलतं करायचं होतं.

आमच्या वाचनालयात एक मासिक यायचं. त्यात एक कादंबरी क्रमशः चालू होती. खेड्यात बदली झालेला डॉक्टर, त्याची नवी बायको, दोघांत गैरसमज आणि ती रागाने माहेरी निघून जाते. इथवर आलं आणि वाचनालयाने ते मासिक घेणं बंद केलं. मुली हळहळल्या. डॉक्टर तिला आणायला जातो की नाही, यावर जेवणाच्या पंगतीत वाद होऊ लागले. एकदा मी भीतभीतच म्हटलं, "मी लिहू का पुढचं?" दोनशे पानी वही घेतली आणि सुरुवात केली. हल्ली असं दुसऱ्याच्या गोष्टीत शिरून लिहिणारे पुष्कळ असतात म्हणे, त्याला नावही आहे. आम्ही नुसतं "पुढचं" म्हणायचो. "पुढचं झालं का गं?"

बायको मला जमली. तिचं रडणं, तिचं उशीला पाठ टेकून बसणं सगळं जमलं. डॉक्टर मात्र जमेना. माझा डॉक्टर पानपानभर बोलायचा. चंद्र आणायचा, जन्मजन्मांतरं आणायचा, दर ओळीला बायकोचं नाव घ्यायचा.

माझी एक वर्गमैत्रीण भिंगारहून रोज यायची. तिच्या अब्बांचं भिंगारच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं आणि तिला तीन मोठे भाऊ होते. पुरुषांच्या बाबतीत आमच्यात तिचाच शब्द शेवटचा. तिने वही वाचली आणि पोट धरून हसली.

"हा डॉक्टर आहे की कीर्तनकार?"

"का गं?"

"एवढं बोलतात का पुरुष? आणि बायकोचं नाव घेतोय बघ, पत्रात! तुझ्या दादांनी कधी आईचं नाव घेतलेलं ऐकलंस?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं ऐकलं. दादा आईला "अगं" म्हणायचे, आणि तेही काही हवं असलं तरच.

"आमच्या मोठ्या भाईजानचं भाभीवर किती प्रेम आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे," ती म्हणाली. "पण केलं काय त्याने? ती माहेरी गेली तेव्हा तिच्या शिलाईच्या मशीनला तेल घालून ठेवलं. विचारलं तर म्हणतो, गंजेल म्हणून. तुझा डॉक्टर घरी एकटा काय करतो ते लिही. आणि पत्र वहीत नको, वहीत निबंध वाटतो. वेगळ्या कागदावर लिही, घडी घाल."

मला पुरुष एकच ठाऊक होता. दादांची पोस्टकार्डं माझ्या ट्रंकेत होती, महिन्याला एक. पाच-सहा ओळींच्या वर कधी नाहीत, खाली सही म्हणून "मी." ती कार्डं मी समोर मांडली आणि डॉक्टरच्या तोंडचे शब्द एकेक करून काढून घेतले. चंद्र गेला, नाव गेलं. जाड टाकाने, डावीकडे झुकणारं अक्षर काढून लिहिलं:

"अगं,

तू गेल्यापासून घर आहे तसं आहे. कंदिलाची काच रोज पुसतो. तुझा डबा घासून ठेवला आहे. येताना खिडकीशी बसू नको, डोळ्यात कचरा जातो. रविवारी स्टँडवर येतो. उशीर झाला तरी थांबतो. घाबरू नको. जास्त लिहिता येत नाही.

मी."

पंगतीत हे वाचल्यावर कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात भिंगारच्या मैत्रिणीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हा जाईल तिला आणायला." मग घरी पुन्हा वाचायला म्हणून वही घेऊन गेली. पत्र तेवढं माझ्याकडे राहिलं, आणि मी वेडी ते गादीखाली ठेवून बसले.

ऑफिसात बाईंनी दार लोटून घेतलं. "याच्यावर तिकीट नाही," त्या म्हणाल्या. आलेलं प्रत्येक पत्र त्याच फोडून वाचत, मग आम्हाला मिळे. "माझ्या हातून गेलेलं नाही म्हणजे हातोहात आलेलं आहे. कोणी दिलं?"

"बाई, मीच लिहिलंय. ती गोष्ट आहे."

"अक्षर तुझं आहे?"

"नाही... म्हणजे आहे, मुद्दाम तसं काढलंय."

"गोष्टीत माणसांना नावं असतात. यात कुठे आहे नाव? तुझा डबा त्याच्या घरी कसा? तू गेली होतीस त्याच्या घरी?"

प्रश्न अगदी बरोबर होते. मी म्हटलं, डॉक्टर, त्याची बायको, सगळी गोष्ट वहीत आहे. वही दाखव म्हणाल्या, तर वही भिंगारला, आणि मैत्रीण भाभीच्या बाळंतपणासाठी श्रीरामपूरला गेलेली. खोलीतल्या मुली बोलायला तयार होत्या, पण बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं नाही. "तुम्ही सगळ्या एकमेकींना सामील." त्यांनी दादांना कार्ड टाकलं, ताबडतोब यावे.

कार्ड पोचून दादा येईपर्यंत चार दिवस गेले. तासाला बसायचे पण फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही. कार्ड आधी चुलत्यांच्या हातात पडलं तर? दादा येतील, एक शब्द बोलणार नाहीत आणि माझी ट्रंक खांद्यावर घेतील, हेच डोळ्यांसमोर यायचं. ते रागावतील असं वाटत नव्हतं. ते काहीच बोलणार नाहीत, याचंच भय होतं. मी ट्रंक आवरूनही ठेवली होती.

बुधवारी दुपारी दादा आले. धुवट धोतर, हातात टोपी. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उभेच राहिले. बाईंनी कागद पुढे केला. "मुलगी म्हणते, गोष्टीतल्या डॉक्टरचं पत्र आहे." दादांना वाचायला वेळ लागे. ओळीखाली बोट ठेवून ते पुटपुटत वाचू लागले, "कंदिलाची... काच... रोज पुसतो..." बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं. मी जमिनीकडे पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "हे कुना पोराचं न्हाई."

"कशावरून म्हणता?"

"काच तर म्या पुसतो. ही पोर घरी यायची असली का." मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "स्टँडवर बी म्याच थांबतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "त्यांची कार्डं आहेत तुझ्याकडे?"

मी धावत जाऊन ट्रंकेतून गठ्ठा आणला. बाईंनी कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. प्रत्येक कार्ड त्यांनीच आधी वाचून मला दिलेलं होतं. खिडकीशी बसू नको. डबा घासून ठेवला. उशीर झाला तरी थांबतो. त्या बराच वेळ एकदा कार्डाकडे, एकदा कागदाकडे बघत राहिल्या.

"मीच वाचली होती की ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग सावरून, "अभ्यास सोडून हे उद्योग कशाला? पुन्हा सुटा कागद दिसता कामा नये." दादांना म्हणाल्या, "मुलगी राहू दे इथेच. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

आज एवढ्या वर्षांनी त्यांचे उपकार वाटतात. चूक कळल्यावर ती त्यांनी माझ्यावर ढकलली नाही. तेवढं करणारी माणसं मला पुढे फार भेटली नाहीत.

दादांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ते टोपी घालत म्हणाले, "तो डाक्टर हाय म्हनं?"

"हो."

"आन बायको?"

"रुसून माहेरी गेलीय."

"मंग जातो का न्हाई आनाया?"

"जातो."

"बरं," ते म्हणाले. चार पावलं गेले आणि वळले. "माझी कारडं समद्या पोरींनी वाचली?"

"कार्डं नाही, दादा. नुसतं पत्र."

"व्हय व्हय," म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या महिन्याचं कार्ड आलं. "आम्ही खुशाल आहोत. परीक्षा नीट दे. मी." काच नाही, डबा नाही, खिडकी नाही. त्याच्या पुढचंही तसंच. मैत्रीण परत आल्यावर विचारत राहिली, पुढचं कधी? पण डॉक्टरला आता बोलायला काही उरलं नव्हतं. वही तशीच राहिली.

मे महिन्यात परीक्षा देऊन मी घरी निघाले. गाडी वाटेत बंद पडली, दोन तास उशीर झाला. कार्डात या वेळी थांबतो असं लिहिलेलं नव्हतं.

दादा स्टँडवर होते, नेहमीच्याच झाडाखाली. मी उतरले तसे पुढे आले आणि ट्रंक घेतली. पण एरवी कुठेही उभं राहणारा तो माणूस त्या दिवशी अंग चोरून उभा होता. कोणी आपल्याकडे बघतंय, आणि बघितलेलं कुठे तरी लिहिणार आहे, हे त्यांना आता माहीत झालं होतं.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"झाला का?" आत्ताच आल्यासारखं दादा म्हणाले आणि माझ्या पुढे चालू लागले.