काडीभर फट

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी मान तुकवली आणि त्याचा पश्चात्ताप अजून सरलेला नाही. त्या रविवारच्या हट्टाचा मात्र कधीच झाला नाही. जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत्या आणि माझा मित्र अंधेरीच्या आमच्या गॅरेजातून गाडी काढायला उतावीळ झाला होता. मी गाडीला समांतर असा लांब दोरा ताणला. मागच्या चाकाच्या पुढच्या कडेला तो टेकला. मागच्या कडेशी आगपेटीची काडी जाईल एवढी फट राहिली. चाक तिरके होते. भर वेगात वळणावर गाडी घसरली असती.

"काडीभर तर आहे! मेल्या, तुला काडी घालायची सवयच आहे."

"आहे. चाक सरळ झाल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"गाडी माझी आहे रे!"

"मग माझ्यावरून ने," मी हळू आवाजात म्हणालो आणि गाडीपुढे मांडी घालून बसलो.

तो बराच वेळ धुमसत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी पाना उचलून म्हणाला, "सरक, आडमुठ्या. दोरा धर."

बोल्ट सैल करून आम्ही आख सरकवला. पहिली शर्यत हुकली. दुसरीसाठी निघताना त्याने स्वतःच पुन्हा दोरा ताणून काडी फटीत घालून पाहिली, ती जाईना.