डावीकडचा ब्रेक

आमचे मास्तर घाबरट होते आणि ही गोष्ट ते कोणापासून लपवत नसत. शिकायला गेले त्या पहिल्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "भीती वाटते का गो बाय?" मी उगाच ताठ मानेने म्हटलं, "नाही, फारशी नाही." त्यांनी किल्ली काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "मंग आज नको. पंचवीस वर्सं शिकवतंय, मी अजून घाबरतो. तू घाबरायला लागलीस का ये." मी तणतणत घरी आले. शिकवणाराच घाबरतो, तर शिकायचं कोणाकडून? दुसऱ्या दिवशी जाऊन खरं काय ते सांगितलं, की सकाळपासून पोटात गोळा आहे, चहासुद्धा घशाखाली उतरलेला नाही. मास्तर खूश झाले. "आता बस," म्हणाले.

कोपरीतल्या निम्म्या बायकांना गाडी त्यांनीच शिकवली असेल. मूळचे तिथलेच, खाडीकाठच्या आगरी घरातले. वडील मिठागरात राबलेले. मास्तरांनी मात्र आधी ट्रक चालवले आणि मग छपरावर एलची लाल पाटी असलेली ही छोटी गाडी घेतली. गाडीला ते 'गारी' म्हणत आणि बायकोपेक्षा तिच्यावर जास्त ओरडत, असं त्यांची बायकोच सांगायची.

मला शिकायची हौस नव्हती, गरज होती. आई डोंबिवलीला मानपाड्यात एकटी राहायची आणि तिचं हृदय कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता. एकदा शेजारणीचा फोन आला, तेव्हा कोपरीहून तिथे पोचायला मला दोन तास लागले. आई दारातच भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळेनिळे. त्या खेपेला ती वाचली. पण त्यानंतर फोन वाजला की माझे हात गार पडायचे आणि खाली पार्किंगमध्ये नवऱ्याची गाडी धूळ खात उभी असायची. नवरा नोकरीसाठी पुण्याला. गाडी होती, रस्ता होता, फक्त मी भित्री होते.

मास्तरांच्या गाडीत डावीकडे, त्यांच्या पायाखाली, आणखी एक ब्रेक होता. शिकवणीच्या सगळ्याच गाड्यांत तो असतो. पण माझा सगळा जीव त्या ब्रेकवर टांगलेला होता. समोरून बस अंगावर आली की मी स्टेअरिंगऐवजी मास्तरांच्या पायाकडे बघायची. तो पाय पुढे सरकला की गाडी थांबायची आणि मी श्वास सोडायची. मास्तरांच्या हे लक्षात आलं होतं. "माझा पाय किती दिवस बघशील?" ते म्हणायचे. "एक दिवस नसंल तो." मला ते ऐकवायचं नाही. लायसन्स हातात आल्यावरही मी आणखी एक महिना शिकवणी लावली, ती काही पार्किंग पक्कं व्हावं म्हणून नव्हे.

त्यांची शिकवण सगळी भीतीचीच होती. "घाबर, पन टायमावर घाबर. अंगाव आल्याव घाबरून काय उपेग?" म्हणून निघायचं पंधरा मिनिटं आधी, कारण घाईत माणूस घाबरायचं विसरतो. पुढच्या गाडीच्या मागे एक रिक्षा आडवी मावेल एवढी जागा सोडायची. त्या जागेत खरंच एखादी रिक्षा घुसली तर शिव्या न देता पुन्हा तेवढीच सोडायची. मागून कोणी हॉर्न बडवला तर बडवू दे, त्याला त्याच्या घरी कोणी ऐकत नसेल. सिग्नलला खांदे खाली टाकायचे आणि तोंडाने हवा सोडायची. आणि थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या पुढून कोणीतरी बाहेर येणार आहे असंच धरून चालायचं. "दिसतं त्याला कोन बी घाबरतं," ते म्हणत. "नाय दिसत त्याला घाबर."

आणखी एक सवय होती. त्यांच्या बाजूची काच कधी पूर्ण बंद नसायची. दोन बोटं उघडी, मग ऊन असो की धो धो पाऊस. डावा खांदा भिजून जायचा, पण काच वर व्हायची नाही. मी एकदा एसी लावायला सांगितला तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना गाडीसकट खाडीत उडी मारायला सांगितलं होतं.

खाडीत त्यांच्या धाकट्या भावाची, जनूची, होडी होती. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना तो फिरवून आणायचा. वर छप्पर, चारी बाजूंना गुंडाळून ठेवलेले ताडपत्रीचे पडदे. त्या वर्षी त्याच्या डोक्यात बार्बेक्यू शिरलं. पाहुण्यांना होडीतच बोंबील आणि कोंबडी भाजून द्यायची. मास्तरांनी पंधरा दिवस त्याचं डोकं खाल्लं. शेगडी लोखंडी परातीत वाळू घालून त्यावर ठेव. पेट्रोलचा कॅन दुसऱ्या टोकाला. बादलीला दोरी बांधून ती हाताशी. शेगडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे ठिणगी माणसांवर येणार नाही. निखारे गार झाल्याशिवाय शेगडी हलवायची नाही. जनूने हे सगळं केलं, हसत हसत केलं, आणि दिवाळीनंतरच्या एका दुपारी भरती बघून पहिली चाचणी ठेवली. होडीत जनू, त्याची बायको सुगंधा, मास्तर, आणि मास्तरांची सगळ्यात भित्री विद्यार्थिनी म्हणून मी.

खाडीच्या मध्यावर नांगर टाकला. कांदळवन दूर राहिलं, कोपरीच्या इमारती काड्यापेट्यांएवढ्या दिसायला लागल्या. कोळसा नीट फुलला, बोंबलाचा वास सुटला, आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला. जनूने झपाझप पडदे सोडले. मास्तर ओरडले, "एक बाजू उघडी ठेव!"

"दादूस, कोलसं इझतील ना!"

"इझू दे."

"आरं पन धूर कंय हाय? बघ, निस्तं निखारं हाईत."

त्यांच्याकडे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शेगडी अंगणात पेटवायची, धूर सरला आणि कोळसा लाल झाला की मग खुशाल घरात घ्यायची. धूर नाही म्हणजे धोका नाही. मलाही तेच वाटत होतं. पण मास्तर पडद्याबाहेर, होडीच्या मागच्या टोकाला जाऊन पावसात बसले आणि मला म्हणाले, "बाय, बाहेर ये. भीज." मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत बाहेर गेले. नवी साडी, गार वारा, आणि आतून सुगंधाचं हसणं. "मास्तर, तुमची कोंबडी आमीच खातो!" ती ओरडली. थोड्या वेळाने म्हणाली, "माजं डोकं चढलंय हो." जनू म्हणाला, "भुकेनं." चिमट्याचा खणखणाट चालू होता.

मग तो थांबला.

मला काही जाणवलं नाही. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. मास्तर मात्र ताठ झाले. "जनू," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग सुरी घेऊन त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत फाडला. सुगंधा फळीवर आडवी पडलेली, जनू गुडघ्यांवर, तोंड उघडं, आमच्याकडे बघत होता पण ओळखत नव्हता. बघता बघता तो कलंडला आणि त्याच्या धक्क्याने शेगडी उलटली. निखारे फळ्यांवरून घरंगळत पेट्रोलच्या कॅनच्या दिशेने गेले. पावसात भिजू नये म्हणून जनूने तो छपराखाली घेतला होता.

माझे पाय तिथेच थिजले.  मास्तरांनी सुगंधाला ओढून माझ्या अंगावर ढकललं आणि पुन्हा आत शिरले. कॅन बाहेर आला, मी तो धरला. परातीतली वाळू त्यांनी ओंजळी ओंजळीने निखाऱ्यांवर टाकली. मी दोरीने बादली भरभरून देत होते आणि मनात एकच चाललं होतं, बाहेर या, मास्तर, बाहेर या. जनू अंगाने दुप्पट. त्याला काखेत धरून ओढताना ते दोनदा गुडघ्यांवर आले. शेवटी दोघं पावसात पडले तेव्हा जनू आचके देत श्वास घेत होता आणि मास्तर नुसते बसून होते.

होडी किनाऱ्याला त्यांनीच आणली. धक्क्यावर मासळीवाल्या दोघी होत्या, त्यांनी जनूला आणि सुगंधाला मास्तरांच्या गाडीत घालायला हात दिला. अँब्युलन्सला फोन लावला, तर ती पुलापलीकडच्या वाहतुकीत अडकलेली. हॉस्पिटल आमच्याच बाजूला होतं. मास्तरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "माझं पाय माझं नाय," म्हणाले. "तू चालव."

ते डावीकडे बसले. मी गाडी सुरू केली. मागे सुगंधा उलटी करत होती. मास्तर पुटपुटत होते, "जागा सोड... हॉर्नकडं बघू नको... खांदं खाली..." कोपरीच्या गल्लीत एलच्या पाटीला कोण विचारतो? रिक्षा डावीकडून, मोटारसायकली उजवीकडून. पुटपुटणं थांबलं. मी सवयीने त्यांच्या पायाकडे बघितलं. चप्पल निसटली होती आणि पाय ब्रेकच्या बाजूला, निर्जीव, आडवा पडला होता.

इतकी भीती मला जन्मात वाटलेली नाही. आईच्या दारातही नाही. त्या क्षणी मी गाडी सोडून पळूनच गेले असते, पण पळायचं तर गाडीनेच पळायला हवं होतं. समोर थांब्यावर बस उभी होती. तिच्यापुढे रस्ता रिकामा, पाऊस, मागे दोन माणसं आणि शेजारी निपचित मास्तर. दाबावी आणि सुटावं, असं वाटलं. मी खांदे खाली टाकले आणि पाय ब्रेकवर नेला. बसच्या पुढून एक बाई बाहेर आली, छत्री तिरकी, कडेवर मूल. ती माझ्याकडे न बघताच रस्ता ओलांडून गेली. मी रडत होते. तशीच पुढे गेले आणि हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. नीट लावली, दोन्ही बाजूंना जागा सोडून.

जनू आणि सुगंधा चार दिवसांत घरी आले. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरही वाचले, पण वय झालेलं, आत श्रम केलेले, त्यांच्या श्वासात तो फार गेला होता. हात कापायला लागले, चाल अडखळू लागली. शिकवणी संपली. एलची पाटी जनूने उतरवली तेव्हा मास्तर घरात तोंड फिरवून बसले होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं महिन्यातून एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून कल्याणच्या डॉक्टरांकडे न्यायची. जाताना मानपाड्याला आईकडे चहा. शिळफाट्याच्या गर्दीत, ट्रक दोन्ही बाजूंनी अंगावर येत असताना, एकदा ते आपणहून बोलले. ट्रकच्या दिवसांत, उत्तरेकडच्या थंडीत, त्यांनी केबिनमध्ये शेगडी ठेवली होती. धूर सरल्यावरच. काचा बंद. ट्रकवरचा जोडीदार आत झोपला होता. "मी चाय प्यायला उतरलो," म्हणाले. "आलो, तर तो उठंना. शेगडी मीच पेटवली व्हती गो." मग म्हणाले, "जनूला ह्ये सांगितलं असतं तर त्यानं पडदा उघडला असता. मी नुस्ता ओरडलो. सांगायची लाज वाटली."  मी त्यांच्या बाजूची काच आणखी थोडी खाली केली.

माझ्या गाडीत डावीकडे ब्रेक नाही. पण समोर काही आलं की त्यांचा उजवा पाय पुढे सरकायचा आणि रिकाम्या जागी मॅटवर दाबायचा. कापणारा पाय, तरी माझ्या आधी. मी ते डोळ्याच्या कडेने बघायची आणि थांबायची. चिडवलं, तर मान हलवून म्हणायचे, "छ्या! तुझ्या गारीत मना भ्याव वाटत नाय."

गेल्या वर्षी मास्तर गेले. आई आहे. परवा गाडी धुणारा म्हणाला, "ताई, डाव्या बाजूची मॅट बदला, भोक पडलंय." मी वाकून बघितलं. उजव्या पायाच्या टाचेपुढे, बरोबर ब्रेक असतो त्या जागी, रबर झिजून आरपार खालचा पत्रा दिसत होता.

म्हणे भ्याव वाटत नाय.