साडूची पिवळी, माझी लाल

माझ्या धाकट्या मेव्हणीची पाठवणी नवऱ्याशिवाय झाली, याला मी निम्मा जबाबदार आहे. उरलेला निम्मा दोष माझ्या साडूचा. (आमच्या घरातला हिशेब जरा वेगळा आहे. तिथे पूर्ण दोष माझा, आणि वरचा निम्मा साडूचा.)

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. त्या हंगामात टोमॅटोला असा भाव लागला, की आमच्या भागात ज्याच्या त्याच्या दारात काहीतरी नवं उभं राहिलं. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी घरावर स्लॅब टाकला. मी जीप आणायला म्हणून मुंबईला गेलो आणि एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आलो. लाल रंग, दोन दारं, छप्पर मागे दुमडणारं, आणि उंची एवढी की शेजारून जाणारी शेळी वरून आत डोकावायची!

माझी बायको सुनंदा ओट्यावर उभी होती.

"जीप आणाय गेलता ना तुमी?"

"ही जीपपेक्षा जोरात पळते."

"टोमॅटोचं कॅरेट कुठं ठिवायचं?"

"शेजारच्या सीटवर."

"किती?"

"एक."

ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता मला सांगा, यात माझी काय चूक? महिनाभर आधी कळंबच्या दत्ताभाऊंनी तसलीच पिवळी गाडी आणली होती. दत्ताभाऊ म्हणजे सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. हायवेला त्यांचं मोटार-पंपांचं दुकान. त्यांनी पिवळी आणल्यावर मी जीप घेऊन सासुरवाडीला गेलो असतो, तर मला कुणी पाट तरी दिला असता का?

पण खरं सांगतो, मला ती गाडी मनापासून आवडायची. सकाळी छप्पर उघडायचं, कॅरेटला सीटचा पट्टा बांधायचा आणि नारायणगावच्या बाजाराला निघायचं. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे कोथिंबिरीची पिकअप, तिचा ओला वास सगळा आपल्या नाकात. गिअर टाकला की गाडी अशी उसळायची की माझं वय एकदम वीस वर्षांनी उतरायचं. रस्त्यावरचा खडान्‌खडा बुडाला कळायचा, पण तेही बरं वाटायचं. दहा कॅरेटला दहा फेऱ्या व्हायच्या. लोक म्हणायचे, काय राबतो हा माणूस!

दत्ताभाऊंची आणि माझी गाठ पडली की एकच विषय.

"संपतराव, तुमचं छप्पर उघडतं झकास, पण मिटाय दोन गडी लागत्यात."

"तुमचे दिवे बॉनेटमधून वर येतात, पण एकच येतो. दुसरा झोपतो."

"माझी पिकअपला लई तेज हाय."

"माझी वळणावर बघा."

"वळणावर बघायला ती दिसाय तर पायजे! गवताच्या खाली ऱ्हाती ती."

सर्व्हिसिंगमध्ये मात्र आमची बरोबरी होती. दोन्ही गाड्यांच्या खाली माणूस शिरत नसे, म्हणून आमच्या फिटरने शेडमध्ये खड्डा खणला होता. त्या खड्ड्यात बसून तो दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायचा.

अशात सविताचं, म्हणजे आमच्या सर्वांत धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. मुलगा निमगाव सावाचा, अशोकराव. तालमीतलं अंग, आणि तोंडातून आठवड्याला एखादं वाक्य. लग्न खोडदला, नवरीच्या दारात. तारीख ठरायच्या आधीच प्रश्न निघाला, की पाठवणी कुणाच्या गाडीतून?

त्या रात्रीच्या जेवणात सुनंदाने भाकरी वाढता वाढता निकाल सांगितला. "सविताची पाठवणी आपल्या गाडीतून झाली, तर गाडी ऱ्हाईल. थोरलीची गाडी मिरवली आन् आपली नुसती उभी ऱ्हायली, तर मला म्हायेरात तोंड दाखवाय जागा न्हाई. मग तुमी गाडी इका आन् गुमान जीप आणा."

म्हणजे आता माझी लालच पणाला लागली होती.

निवाडा सासऱ्यांकडे गेला. आबांनी तीस वर्षं एसटी चालवलेली. ज्या गाडीत ड्रायव्हर उंचावर बसत नाही, तिला ते गाडी मानतच नसत. तरी जावयांच्या मानासाठी एका रविवारी ते चाचणीला तयार झाले. खोडदच्या त्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना वळसा घालून यायचं, एकदा पिवळीतून, एकदा लालमधून.

आत बसण्यातच पाऊण तास गेला.

"आबा, आधी डोकं घाला," मी म्हणालो.

"आधी पाय घाला, आबा," दत्ताभाऊ म्हणाले.

"अरं, पण मधलं कधी घालू?"

शेवटी आबा आत गेले आणि टोपी बाहेर राहिली. दोन्ही फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर आम्ही दोघांनी त्यांना काखेत हात घालून उपसून बाहेर काढलं. आबांनी धोतर झटकलं, कंबर दाबली आणि म्हणाले, "दत्ताभाऊंची गाडी कमरंत भरती. संपतरावांची मणक्यात."

"मग नंबर कुणाचा?" आम्ही दोघं एकदम.

आबांनी आमच्या तोंडांकडे नीट बघितलं. लग्नात जावई रुसणं ही आमच्याकडे साधी बाब नाही. माझ्याच लग्नात एका जावयाला मनासारख्या रंगाचा फेटा मिळाला नाही म्हणून तो गोठ्यात जाऊन बसला होता, आणि त्याची समजूत निघेपर्यंत अख्खी पंगत पानावर ताटकळली होती. इथे तर एकाला निवडलं की दुसरा नक्की गोठ्यात!

"दोन्ही गाड्या न्या," आबा म्हणाले. "माजी तक्रार न्हाई."

आम्ही खूश! पुढचे तीन आठवडे दोन्ही साडू फोनवर भांडलो. पुढे कोण, मागे कोण, झेंडू लावायचा की निशिगंध, हॉर्न कुठे वाजवायचा. सगळं ठरलं. फक्त एक गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

लग्न छान लागलं. चार वाजता पाठवणी निघाली. वऱ्हाडाचे ट्रक पुढे निघून गेले होते. सविता आईच्या गळ्यात पडून रडली, सगळ्यांना रडवलं, आणि डोळे पुसत, थोरल्या जावयाचा पहिला मान म्हणून, पिवळ्या गाडीत बसली. तिच्या शालूला अशोकरावांच्या उपरण्याची गाठ मारलेली, म्हणून मागोमाग अशोकरावही वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले.

आत एका सीटवर सविता, दुसऱ्या सीटवर स्टिअरिंग धरून दत्ताभाऊ. गाडी संपली होती!

"मी कुठं बसू?" अशोकराव म्हणाले. अख्ख्या लग्नात ते पहिल्यांदाच बोलले.

सगळा मांडव माझ्या लाल गाडीकडे बघायला लागला. तीही दोनच सीटची.

"दत्ताभाऊ, उतरा खाली," सुनंदा म्हणाली. "नवरदेव चालवतील."

"मला बैलं हाकाय येत्यात," अशोकराव म्हणाले. "हे न्हाई येत."

"दोन गाड्या, दोन ड्रायवर, दोन पॅसिंजर," आबा शांतपणे म्हणाले. "बसत्यात समदे. जोडी तेवढी फुटतीया."

"गाठ घरी जाईस्तोवर सोडायची नसती!" सासूबाई ओरडल्या.

इथे मी एक तोडगा सुचवला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालवायच्या. गाठ मध्ये ठेवायची, एक टोक त्यांच्या खिडकीत, दुसरं माझ्या उघड्या छपरात! मग सुनंदा म्हणाली, "तुमी गाडीत बसून ऱ्हावा."

अखेर भटजींनी वाट काढली. गाठ सोडायची नाही, उपरणं तेवढं नवऱ्याच्या खांद्यावरून उतरवायचं. म्हणून सविताबरोबर नवऱ्याचं उपरणं गेलं, आणि माझ्याबरोबर नवरा आला. सुनंदा रुखवताच्या टेंपोत पुढे बसली. त्यात कपाट होतं, पलंग होता, गादी होती आणि मुख्य म्हणजे जागा होती.

खोडदहून निमगाव सावा काही फार लांब नाही. पण दत्ताभाऊंनी पहिल्या वळणावरच पिवळी दामटली, आणि माझं रक्त उसळलं. छप्पर उघडंच होतं. पहिल्या झटक्यात नवरदेवाचा फेटा सुटला, त्याचं टोक मागे कापडाच्या ताग्यासारखं उलगडत गेलं आणि सगळा फेटा उसात पडला. मुंडावळ्या उडून माझ्या डोळ्यांवर येत होत्या.

"संपतराव, जरा सावकाश."

"अहो अशोकराव, पिवळी पुढे गेली!"

"जाऊ द्या. माजीच बायकू हाय, माज्याच घरी चाललीया."

माणूस किती शहाणा आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी ॲक्सिलेटर दाबला. पुढे एका वस्तीसमोर लोकांनी स्वतःच मुरूम टाकून उंचच उंच गतिरोधक केला होता. पिवळी त्यावरून पोट घासत का होईना, गेली. सविता म्हणजे फुलासारखी पोरगी. माझ्या शेजारी तालमीतला गडी! लालची पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडे राहिली, आणि मधलं पोट मुरमात जे बसलं ते बसलंच. मी रेस केली. नुसती धूळ उडाली.

अशोकराव उतरले, ढकलून बघितलं. मीही ढकललं. एवढ्यात मेंढ्यांचा कळप आला आणि गाडीला चारी बाजूंनी वेढा पडला. मागून काठी टेकत मेंढपाळ आला. त्याने गाडीकडे बघितलं, मग हळद लागलेल्या नवरदेवाकडे.

"पावणं, हिला पाय न्हाईत का?"

मी वाकून चाकं शोधू लागलो.

पाठोपाठ टेंपो आला. सुनंदा खाली उतरली. तिने कपाट बांधलेला दोर सोडून टेंपोच्या मागे लालला बांधला. मी स्टिअरिंगवर बसलो. मोकळं झालेलं कपाट पडू नये म्हणून नवरदेव टेंपोत चढले आणि त्याला मिठी मारून उभे राहिले.

तिकडे निमगावात काय झालं, ते मला नंतर जमलेल्या प्रत्येक माणसाने स्वतंत्रपणे सांगितलं. पिवळी पोचली, बँड सुरू झाला. सविता उतरली. उपरणं मातीत लोळायला लागलं, म्हणून दत्ताभाऊंनी ते उचलून आपल्या खांद्यावर टाकलं. सूट होता, फेटा होता, खांद्यावर गाठीचं उपरणं! दारात अशोकरावांची आत्या आरतीचं ताट घेऊन उभी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, दत्ताभाऊंच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि तोंडात पेढा कोंबला.

"आत्या, मी साडू हाय वो!" दत्ताभाऊ पेढ्यातून ओरडले.

"लाजतंय पोरगं," आत्या म्हणाली. "हं, नाव घ्या आता. घेतल्याबिगर आत सोडणार न्हाई!"

पोरींनी दार अडवलं. सविताचे खांदे गदगदा हलत होते. माहेरच्या आठवणीने रडतेय बिचारी, असं बायकांना वाटलं. ती हसत होती!

एवढ्यात टेंपो आला. मागे दोराला माझी लाल, आणि वर फेटा नाही, उपरणं नाही, अंगभर धूळ, कपाटाला कवटाळून उभा असलेला नवरदेव.

आत्याने डोळे बारीक केले. "हा कपाटवाला कोण गं?"

पुन्हा ओवाळणी झाली, पुन्हा भाकरतुकडा, पुन्हा पेढा. या खेपेला माणूस बरोबर होता. सविताने माप ओलांडलं, अशोकरावांनी नाव घेतलं, आणि माझ्याकडे बघून कुणी काही बोलू नये म्हणून मी बँडवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

घरी आल्यावर मी एकदा प्रयत्न करून बघितला. "तशी पाठवणी आपल्या गाडीतून झाली, म्हणता येईल."

"नवरी दुसऱ्याच्या गाडीत गेली," सुनंदा म्हणाली. "आपल्या गाडीत नवरा व्हता, त्योबी निम्म्या वाटंपतुर. इका."

मंचरच्या एका गृहस्थांशी व्यवहार ठरला. गाडी न्यायला ते यायचे होते, त्या सकाळी मी लाल धुतली, पुसली, आणि कुणी बघत नाही असं बघून तिच्या बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिलो. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात सुनंदा पदर खोचून बाहेर आली आणि दार उघडून सरळ आत बसली.

"मला एकदा फिरवा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्षभर गाडी दारात होती. शेजारच्या सीटवर कॅरेट बसलं, दुधाचं कॅन बसलं, फिटर बसला, आबा बसले, परका नवरदेवसुद्धा बसला. बायकोला मी एकदाही बसवलं नव्हतं.

छप्पर उघडलं आणि निघालो. या वेळी सावकाश. उसाच्या कडेने गेलो, कोथिंबिरीच्या शेतांवरून गेलो. तिचे केस सुटले, पदर उडाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला एवढं मोठ्याने हसताना ऐकलं. परत आलो तेव्हा मंचरचे गृहस्थ दारात कागद घेऊन उभे होते. मी सही केली. गाडी रस्त्याला लागली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली.

सुनंदा तिकडेच बघत होती.

"लई चांगली व्हती वो गाडी," ती म्हणाली. "आपून उगाच इकली. इकायचा व्हता त्यो ड्रायवर."